पाचची वेळ

‘फुटकी बरणी’ या पॉप-पंक बँडमध्ये सतरा वर्षांत पाच गिटारवाले आणि तीन बेसवाले आले नि गेले. टिकले ते एकटे ड्रमवाले मामा. गाणारा त्यांचा सख्खा भाचा, म्हणून ते अख्ख्या बँडचेच मामा. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, संध्याकाळी ड्रम बडवायचे.

माणूस काढायची रीतही मामांनीच घालून दिलेली. ज्याला नारळ द्यायचा, त्याला सरावाची वेळ पाचची सांगायची. बाकीच्यांनी चारला जमून नव्याला तासभर वाजवायला लावायचं. जमलं, की जुन्याला जिन्यातच गाठून गोड बोलायचं. पहिल्या बेसवाल्यासाठी तर मामांनी वर चहाही मागवला. त्यानं कप तसाच भरलेला सोडला, हे मात्र ते कुणाला सांगत नाहीत.

बुधवारी भाच्याचा निरोप आला: मामा, शनिवारी पाचला ये.

त्या दिवशी दुकानात दोन काचा फुटल्या. बायकोनं विचारलं, तर म्हणाले, ॲसिडिटी.

शनिवारी सव्वाचारलाच मामा जिन्यात हजर. वर त्यांचेच ड्रम वाजत होते. दुसऱ्या गाण्याच्या कडव्यात त्यांचं मनगट दोन वर्षांपासून मागे पडायचं, आणि सगळे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. तिथेच हे नवे हात सुसाट सुटले.

मामांनी दार ढकललं. ड्रमवर बसलेली मुलगी थांबली. भाच्याचा चेहरा पडला.

“मामा, तुला पाचला...”

“माहीत आहे. पाचचा अर्थ मीच शिकवलाय तुला.”

मामांनी मुलीकडून काड्या घेतल्या, बसले आणि तेच गाणं सुरू केलं. भाचा गाईना, नुसता मनगटाकडे बघत राहिला. कडवं आलं. काडी निसटली नि घरंगळत त्याच्या बुटाशी जाऊन थांबली. वाकायची कुणाची छाती होईना.

शेवटी मामांनीच ती उचलली, मुलीच्या हातात दिली. स्टूल दोन बोटं वर केलं. तिचे पाय लांब होते.

“पोरी, हा तुला कधी पाचला ये म्हणाला, तर चारलाच ये.”

भाचा मागोमाग जिना उतरला. चहा घेऊया का, म्हणाला.

मामा कठड्याला धरून उभे राहिले. “घेऊ. पण आधी पहिल्या बेसवाल्याला फोन कर. त्याचा राहिलाय.”