मीटरवाल्या काकांची आठ आकडी संख्या

मीटरवाल्या काकांनी तीस वर्षं पाण्याची मीटरं खोलली, पुसली, पुन्हा बसवली. खोलता येत नाही असं काही त्यांच्या हाती कधी लागलंच नाही. म्हणून की काय, त्यांचा जीव जडला तो एका संख्येवर: ७३९३९१३३. तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही, असा काकांचा दावा. खरी गंमत पुढेच. उजवीकडून एकेक आकडा पुसत जा, अगदी एकटा सात उरेपर्यंत. दर वेळी जे उरेल त्यालाही भाग जात नाही.

काकांनी हे सातापासून एकेक आकडा लावत, हाताने भागून जुळवलं होतं. सात आकड्यांपर्यंत तपासून झालं. आठवा लावला आणि डोळ्यांनी दगा दिला. तपासायचे भाजक मोजून हजाराहून जास्त, त्यातले निम्मे राहिले होते. मुलगी म्हणाली, मोबाइल क्षणात सांगेल. काकांनी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला.

मग काकू बसल्या. शिक्षण चौथीपर्यंत, जन्म गेला लोकांचे कपडे शिवण्यात. "संसार केला तुमच्याशी, आता भागाकारही करते," म्हणाल्या आणि शिलाई मशीनच्या फळीवर वही उघडली. रोज सकाळी दहा भागाकार. काका खाटेवरून बाकी विचारत, काकू आकडा सांगत, आणि काका खुश होत.

एका सकाळी बाकी शून्य आली.

काकांनी विचारताच काकूंनी "बेचाळीस" ठोकून दिलं. काका नुसतं हं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. काकूंनी पुन्हा भागलं. शून्य. तिसऱ्यांदाही शून्यच. माणसाची नजर गेली, आता ही एक संख्या होती तीही जावी, याचा त्यांना भयंकर राग आला. चौथ्यांदा त्यांनी ओळीओळीवर बोट ठेवलं, तेव्हा मधल्या एका वजाबाकीत हातचा विसरल्याचं दिसलं. तिन्ही वेळा त्याच जागी चुकल्या होत्या.

खाटेपाशी जाऊन त्यांनी सगळं कबूल केलं.

"मला कळलं होतं," काका म्हणाले. "बाकी सांगताना तू कधी एवढी घाई करत नाहीस."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मनातल्या मनात तिला निरोप देत होतो. म्हटलं, तिच्यापायी तुला कशाला रडवू."

काकूंना रडू आलंच.

पुढे महिना-दीड महिन्याने शेवटचा भाजक आला, ८५९७. त्याच्यापुढच्या भाजकांचा वर्ग त्या संख्येहून मोठा, म्हणून ते तपासायची गरज नव्हती. काकूंनी भागाकार दोनदा केला आणि सावकाश सांगितलं, "चार हजार नऊशे तेहेतीस."

काका म्हणाले, "वहीवर माझं नाव आहे ना? त्याच्या आधी तुझं लिही."

काकूंनी लिहिलं. आणि खाली, उगाच कुणी फसायला नको म्हणून, "एका जागी चुकले" असंही लिहून ठेवलं.