नंबर तीन पाण्यात का उतरला नाही

तिसऱ्यांदा डमी पाण्यात पडली आणि तिसऱ्यांदा नंबर तीन काठावरच बसून राहिला. साहेबांनी शिट्टी खिशात टाकली.

"संपलं. मिस, लिहून घ्या. रिफ्यूज्ड वॉटर, थ्री टाइम्स."

मी लिहून घेतलं. लिहिणं हेच माझं काम आहे. चांद्याहून गडचिरोलीकडे जाताना वैनगंगेच्या अलीकडे आमचं जंगल खात्याचं ऑफिस आहे. तिथे मी टायपिस्ट आहे, आणि ऑफिसातली एकटी बाई. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं इंग्रजी बरं आहे, म्हणून साहेबांनी कुत्र्यांचं रजिस्टरही माझ्याकडे दिलं. कुत्र्यांना शिकवण्याचं पुस्तक इंग्रजीत आणि रजिस्टरही इंग्रजीत. कुत्रे सांभाळणाऱ्यांना मात्र इंग्रजी येत नाही.

कुत्रे लॅब्रॅडॉर जातीचे. हिवाळ्यात तलावांवर बदकं उतरतात आणि नागपूरचे पाहुणे शिकारीला येतात. पाण्यात पडलेलं बदक पोहत जाऊन, न चावता तोंडात धरून आणायचं आणि हातात द्यायचं, याला रिट्रीव्ह म्हणतात. सरावासाठी गोणपाटात बदकाची पिसं भरून गाठोडं करतात, ती डमी.

आमच्याकडे तीन लॅब्रॅडॉर आहेत. तिन्ही एकाच काळ्या आईची, एकाच दिवशी जन्मलेली. एक काळा, एक पिवळी, एक तपकिरी. एकाच वेतात असे तीन रंग निघू शकतात, हे ऑफिसात कोणाला खरं वाटत नाही. साहेबांचं रंगांबद्दल मत पक्कं होतं. काळा हुशार असतो. पिवळा आळशी. तपकिरी हट्टी, त्याला शिकवण्यात वेळ घालवू नये. हे त्यांना त्यांच्या आधीच्या इंग्रज साहेबांनी सांगितलं होतं. इंग्रज गेले, मत इथेच राहिलं.

काळ्याचं नाव प्रिन्स. पिवळीचं डेझी. तपकिरीला नाव द्यायची गरज साहेबांना वाटली नाही, तो नंबर तीन. पिल्लं दीड महिन्याची असतानाच रजिस्टरात त्याच्यापुढे शेरा पडला: स्टबर्न. तेव्हा त्याला नीट पळताही येत नव्हतं. पुढे प्रिन्सने साहेबांचा बूट चावून टाकला, तेव्हा साहेबांनी मला शेरा सांगितला, स्पिरिटेड, म्हणजे उमदा. त्याच आठवड्यात नंबर तीनने दुसरा बूट चावला, तेव्हा शेरा होता, डिस्ट्रक्टिव्ह. बूट एकाच जोडीचे होते. दोन्ही शेरे मीच लिहिले आणि गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

चार महिन्यांचा झाल्यावर नंबर तीनला बंगल्यातून काढून दशरथ ढिवराकडे पाठवलं. दशरथ खात्यात चौकीदार आहे, पण त्याचं घराणं मासेमारीचं. तलावाच्या पाळीवर त्याची झोपडी आहे. त्याने कुत्र्याचं नाव कत्थ्या ठेवलं, खैराच्या कातासारखा रंग म्हणून. प्रिन्सला साहेबांचा ऑर्डर्ली रोज सकाळी तासभर शिकवायचा. नंबर तीनच्या पानावर धड्याच्या रकान्यात मी आठवड्यामागून आठवडे एकच शब्द लिहिला: निल.

आणि आता दोघांची परीक्षा घेऊन निकाल लागला होता. प्रिन्सची परीक्षा आदल्या दिवशी बंगल्यामागच्या लहान तलावावर झाली. नंबर तीनची दशरथच्या तलावावर. साहेबांच्या मते पाणी ते पाणी.

"ऑर्डर टाइप करा," साहेब जीपमध्ये चढताना म्हणाले. "नंबर तीन अनफिट. टु बी डिस्ट्रॉइड. उद्या सकाळी गार्ड करेल."

डिस्ट्रॉय म्हणजे गोळी घालायची. सरकारी इंग्रजीत फळकूटही डिस्ट्रॉय होतं आणि कुत्राही.

जीप गेली. मी सायकलपाशी उभी राहिले. मला एक गोष्ट खटकत होती. पाण्याला भ्यालेला कुत्रा शेपटी पोटाखाली घेतो, मागे सरकतो. हा ताठ बसला होता. डमी पडली की पाण्याकडे पाहायचा, पाळीवरून डावीकडे धावत जायचा, परत येऊन बसायचा आणि दशरथकडे पाहायचा. दशरथ तर हसत होता. त्याने कुत्र्याचं डोकं थोपटलं आणि मला म्हणाला, "पायलं ना बाई? एकडावबी नाई गेला. पास झाला ना तो?"

मला कळेना. "दशरथभाऊ, तो पाण्यात गेलाच नाही."

"कसा जाईन? जाळं हाय ना."

मी पाण्याकडे पाहिलं. सुक्या भोपळ्यांची एक ओळ आमच्यासमोर आडवी, दोन्हीकडे काठाला टेकलेली होती; कुत्रा डावीकडे धावायचा तो पलीकडे जायची वाट शोधायला. मासे धरायला जाळं टाकून ठेवतात, ते बुडू नये म्हणून वर असे भोपळे बांधतात. डमी तिन्ही वेळा त्या ओळीपलीकडे पडली होती.

"लहान होता तवा दोनदा जाळं फाडलं त्यानं," दशरथ म्हणाला. "मंग म्या त्याले शिकवलं. भोपळे दिसले का पान्यात नाई जाचं. महिना लागला. आता भाकर टाकली तरी नाई जात. मले वाटलं साहेब तेच पाहून राह्यले. तीन-तीनदा फेकून राह्यले, मंजे पक्कंच पाहून राह्यले."

"मग बोलला का नाही त्यांना?"

"इचारलं कोनं मले?"

खरंच, कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. उद्या काय होणार, ते मी त्याला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो कुत्र्याचा पट्टा हाताला दोन वेढे देऊन धरून बसला.

मी ऑफिसात गेले. ऑर्डर टाइप केली नाही. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि रजिस्टर उघडलं, कारण वाचायचं असलं की माझा आवाज कापत नाही. प्रिन्सची पानं वाचली. मग नंबर तीनची. निल, निल, निल.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"धडे, सर. एकाला रोज दिले, एकाला एकही नाही. आणि तलावात जाळं होतं. त्याला जाळ्यात न जायला शिकवलंय."

"तपकिरी कुत्रा शिकत नाही."

"हा शिकलाय, सर. म्हणून तर नापास झाला."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "तुम्हाला टायपिंगसाठी ठेवलंय."

"हो सर. पण हे खोटं टाइप होईल."

कोपऱ्यातल्या हेडक्लार्कने पेन खाली ठेवलं. साहेब उठले. "चला. जाळं असू द्या, नसू द्या, खरा कुत्रा पाण्यात जातोच. प्रिन्सला घ्या बरोबर."

तलावावर साहेबांनी स्वतः डमी फेकली, भोपळ्यांपलीकडे. प्रिन्स सरळ झेपावला. ओळीपाशी पोहोचला आणि अडकला. पाय मारत गेला तसं जाळं अंगाभोवती आवळत गेलं. त्याचं नाक दोनदा पाण्याखाली गेलं. ऑर्डर्ली काठावरून नुसता ओरडत होता. दशरथने कमरेचा कोयता काढला, पोहत गेला आणि स्वतःचं जाळं कापून प्रिन्सला बाहेर आणलं.

मग त्याने उरलेलं जाळं ओढून काठावर घेतलं, भोपळ्यांसकट. नंबर तीनला म्हणाला, "जा बाबू."

कत्थ्या गेला, डमी घेऊन आला आणि साहेबांच्या हातात दिली. गोणपाटावर दाताची खूण नव्हती; काठावर निसटलेला मासा न चिरडता दशरथच्या हातात द्यायची त्याला रोजची सवय होती.

मला वाटलं, आता साहेब काहीतरी बोलतील. निदान जाळ्याबद्दल. त्यांनी हात पुसले. "याच्यात आईचं काळं रक्त उतरलेलं दिसतं," ते म्हणाले. "म्हणून जमलं."

त्याच आईचं रक्त डेझीतही होतं, पण ती अजून आळशीच होती. ती दिवसभर बंगल्यात साखळीला बांधलेली असते, हे रजिस्टरात कुठे लिहायचं असतं, मला माहीत नाही.

ऑर्डर बदलली. नंबर तीन ठेवावा, असं मी टाइप केलं आणि साहेबांनी सही केली. प्रिन्सच्या शेऱ्यात त्यांनी एक शब्द वाढवायला सांगितला: करेजस. मी तो वाढवला. दशरथने तीन दिवस पाळीवर बसून जाळं शिवलं. त्याच्या जाळ्यासाठी रजिस्टरात रकाना नव्हता.

त्या आठवड्यात नागपूरचे पाहुणे आले. कत्थ्याने एकट्याने सगळी बदकं आणली. पाहुण्यांनी विचारलं, "असा कुत्रा तयार कसा केला?" साहेबांनी पद्धत समजावून सांगितली. दशरथ चार पावलांवर बदकं मोजत उभा होता.

कुत्र्यांबद्दल मला फार कळत नाही. एक मात्र आता मी न विसरता करते. कुत्रा ऐकत नाही असं कोणी सांगितलं, की तो कोणाचं ऐकतोय, ते आधी बघून येते.