जर्मलची डोण

आमच्या गोठ्यातली जर्मलची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, डोण विमानाची होती, हे मला लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं. शेत जुन्या विमानपट्टीला लागून. लढाईच्या काळात तिथं गोऱ्यांची विमानं उतरायची. ते गेल्यावर पडलेलं सामान गावानं घरोघर नेलं. आमच्या वाट्याला विमानाची तेलाची टाकी आली. ती मधोमध कापून डोण केली अन् म्हशी त्यात पाणी प्यायल्या.

गेल्या साली जुन्या वस्तू उकरणारी सरकारी माणसं पट्टीवर आली. माझे सासरे, म्हणजे अप्पा, जन्माचे संशयी. दूध चांगलं लागलं तरी "आज कामून गोड लागायलंय?" म्हणणारे. ते म्हणाले, "सामान बघायला येतेत अन् शेत मोजून जातेत. आपल्याकडं विमानाची वस्तू घावली, की म्हणतील शेत बी पट्टीचंच."

मलाही ते पटलं. घरोघर विचारत त्यांचा साहेब आमच्याकडं आला, तर त्याची नजर सारखी गोठ्याकडं. चहाचा कप त्याच्या हातात दिला अन् गोठ्याच्या वाटेत उभी राहिले. "विमानाचं काय न्हाई बा आमच्याकडं," अप्पा म्हणाले. अख्ख्या गावानं हेच सांगितलं.

साहेब गेला अन् अप्पांनी डोण शेतात, तुरीच्या दोन ओळींमधे पुरायला काढली. मी म्हटलं, "विहिरीत टाका की." म्हणे, "विहिरीतच आधी बघतेत. तुला काय कळतंय?" बरं बाई, मला काय कळतंय!

आठवड्याभरात साहेबाची माणसं जमिनीतलं लोखंड-पितळ हुडकणारं यंत्र घेऊन बांधावर हजर. सगळ्या रानात यंत्र गप्प. आमच्या तुरीत शिरलं अन् असं बोंबललं म्हणता! हातभर उकरलं, तर डोण.

तेव्हा अप्पा परक्या माणसाशी पहिल्यांदा खरं बोलले. "साहेब, ही आमच्या गोठ्यातली. आम्हीच पुरली हितं. देवाशपथ!"

साहेबानं माती हातात चुरली. "माती ताजी आहे, ते दिसतंय. म्हणजे तुम्ही इथून सामान काढून विकताय. आणखी काय काय विकलंत?"

मला असा संताप आला! "गावात विचारा," मी ओरडले.

"गावात विचारलंय. कुणाकडेच काही नव्हतं. तुमच्याकडेही नव्हतं."

शेजारी बांधावरच उभा होता. त्याच्या म्हशी उन्हाळाभर आमच्याच डोणीवर यायच्या. अन् त्याच्या छपरावर विमानाचाच पत्रा. अप्पा त्याच्यापुढं हात जोडून म्हणाले, "सांग की रे साहेबाला."

तो खाली बघत राहिला. "म्या न्हाई बा बघितली कसली डोण."

साहेबाच्या माणसांनी काढायला आलेल्या आमच्या तुरीभोवती दोरी ओढली, अन् अप्पांना दोरीबाहेर उभं राहायला सांगितलं.