दातांच्या डॉक्टरांची कांस्यपदकं

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात कांस्यपदकं मांडलेली होती. नवा पेशंट खुर्चीत बसला की हमखास विचारायचा, "डॉक्टर, कशात तिसरे आलात?"

मग डॉक्टर सविस्तर सांगत. ही जिंकलेली नाहीत, जमवलेली आहेत. एका जुन्या टांकसाळीनं नाणी पाडण्याच्या इतिहासावर काढलेली. या पदकावर हातोडा उगारलेला कारागीर, त्या पदकावर धातूचा पत्रा लाटायचं यंत्र ओढणारा घोडा. पेशंटची दाढ ठणकत असे आणि डॉक्टर घोड्यापाशी रेंगाळत. बाहेरचं टेबल सांभाळणाऱ्या त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. "घोड्याचं दाणापाणी नंतर करा," वहिनी तिथूनच म्हणायच्या, "आधी त्यांचं बघा."

संचात एकच पदक कमी होतं. स्क्रू फिरवून नाणी पाडणाऱ्या यंत्राचं. ते होतं समोरच्या घड्याळजींकडे, आणि त्यांना बदल्यात घोडाच हवा होता. घोडं तिथंच अडलं. रस्त्यात भेटले की दोघं हवापाण्याचं बोलत.

एके सकाळी घड्याळजी गाल धरून आले. खुर्चीत आडवे होताच कळवळून म्हणाले, "काढा लवकर. ते पदक तुमचं, पण ही दाढ काढा."

वहिनींनी दारातून डोकावून पाहिलं. डॉक्टरांच्या तोंडाला पाणी सुटलंच होतं, ते त्यांनी गिळलं.

"दुखत असताना दिलेला शब्द मी धरत नाही," ते म्हणाले. "आ करा."

दाढ निघाली. बधिर गालानं घड्याळजी काहीतरी पुटपुटले. ते आभार होते की घोड्याची मागणी, कुणालाच कळलं नाही.

टाके काढायला आले तेव्हा मात्र खिशात पदक होतं. "देत नाही हं," त्यांनी आधीच बजावलं. "बघा नुसतं."

डॉक्टरांनी हत्यारांच्या ट्रेमधला कापूस बाजूला सारून पदक ठेवलं. घड्याळजींनी डोळ्याला भिंग चढवलं. "हा खाली बसलेला बघा, ठशाखाली चकती सरकवतोय. बोटं वेळेवर मागे घेतली नाहीत तर गेली."

"माझंही तसंच," डॉक्टर म्हणाले. "पेशंट चावतात."

घड्याळजी इतके हसले की टाका दुखला. बाहेर दोन पेशंट ताटकळत होते. शेवटी वहिनींनी खुर्ची रिकामी करायला लावली आणि घड्याळजींना रविवारी घरी बोलावलं.

आता दर रविवारी ते येतात, पदक रुमालात गुंडाळून, आणि जाताना न विसरता परत नेतात. डॉक्टर कोपऱ्यापर्यंत सोडायला जातात. वहिनी म्हणतात, पदकाला.