गावात कोणी गेलं काय?

माझा मोठा भाऊ गेल्या वर्षी पोळ्यानंतर काही दिवसांनी ब्रह्मपुरीच्या एका दवाखान्यात हृदयविकाराने वारला. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला, तेव्हा त्याचा आवाज भोंग्यावरून पुन्हा गावात फिरला.

तो नाटकांच्या प्रचाराच्या गाडीवर बोलत असे. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत, धान घरात आले की गावोगावी नाटके होतात. मंडळे बहुतेक वडशाची. ज्या गावात रात्री नाटक, त्या गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत दुपारपासून एक गाडी फिरते. टपावर भोंगे, दोन्ही बाजूंना पोस्टर, पुढे ड्रायव्हरशेजारी माईक घेतलेला माणूस. भाऊ तरुणपणापासून त्या जागेवर बसला. उरलेले वर्ष तो धानाची शेती करी.

आवाज भारदस्त नव्हता. थोडा बसका होता आणि वाक्याच्या शेवटी वर चढायचा. लोक त्याला ओळखत ते मस्करीमुळे. हातात दिलेला मजकूर तो वाचत नसे, समोर दिसेल त्यावर बोले. बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बाया दिसल्या की म्हणे, "बायाहो, तुमी नाटकाले जा, पाण्याचे गुंड मी भरून ठेवतो." त्याचे एक वाक्य आमच्या भागातली पोरेही म्हणत: "ज्याच्या घरी सासू आली असन त्यानं आधी तिले आणावं, बायको मांगून आपोआप येते."

गावात शिरण्याआधी मात्र तो भोंगा सुरू करत नसे. पहिल्या पानठेल्यावर गाडी थांबवायची, खाली उतरायचे आणि विचारायचे, "गावात कोणी गेलं काय?" कोणी गेले असेल तर कोणत्या गल्लीत, हे विचारायचे. हिंदू घर असले तर तेरवी होईपर्यंत, आमच्यासारखे बौद्ध घर असले तर जलदान विधी होईपर्यंत, त्या गल्लीत भोंगा बंद. गाडी तिथूनच न्यावी लागली तर माईक मांडीवर ठेवून तो गप्प बसे. मयत त्याच दिवशीची असली तर पूर्ण गावात बोलणे नाही, नुसती पोस्टरे लावायची. हा रिवाज इतरही पाळत, पण घाईत विसरत. भाऊ विसरत नसे. सिंदेवाहीकडच्या एका गावात त्याने असाच भोंगा बंद ठेवला आणि त्या रात्री मंडप अर्धा रिकामा राहिला. मंडळाचा निर्माता चिडला. भाऊ त्याला म्हणाला, "नाटक उद्या दुसऱ्या गावाले होते. त्या घरचं माणूस उद्या कुठी हाय?" निर्मात्याने ही गोष्ट पुढे स्वतःच लोकांना अनेकदा सांगितली, हसत.

मरणाच्या आधीच्या हंगामात भावाला खोकला जडला. निर्मात्याने त्याला वडशातल्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडे नेले. ठरले असे, की ज्या दिवशी घसा साथ देणार नाही त्या दिवशी ध्वनिमुद्रण वाजवायचे. भाऊ तिथे दुपारभर बोलत बसला. नेहमीच्या मस्कऱ्या, गावांची नावे, कलाकारांची ओळख, रेकॉर्डिंगवाल्याने पुढे ठेवलेले वर्तमानपत्रही वाचून दाखवले. त्या वेळचे एक बोलणे मला रेकॉर्डिंगवाल्याने नंतर सांगितले. भावाने त्याला विचारले होते, गावात कोणी गेले असेल तर हे थांबणार कसे?

"भाऊ, बटन हाय ना," तो म्हणाला.

"बटन हाय. पण दाबन कोण?"

रेकॉर्डिंगवाला म्हणाला की तो हसला होता. त्याला ती मस्करी वाटली.

भावाच्या जलदान विधीला निर्माता आला होता. भिंतीशी पाय दुमडून बराच वेळ बसला. आवाजाविषयी तेव्हा काही बोलला नाही.

हंगामाच्या सुरुवातीला आमच्या गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली आणि त्याच मंडळाचे नाटक ठरले. त्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरातले म्हातारे वारले. दुपारी अंगणात तिरडी बांधणे चालू असताना प्रचाराची गाडी गल्लीत शिरली. ड्रायव्हर नवीन होता, घुग्घुसकडे कोळशाचे ट्रक चालवून आलेला. शेजारची सीट रिकामी होती. भोंग्यावर भाऊ बोलत होता. रात्रीच्या नाटकाचे नाव, यंदा मंडळात आलेल्या नटीचे नाव, गावाचे नाव. यातले नाटक नवे होते आणि नटी भावाच्या मृत्यूनंतर मंडळात आलेली होती. मग सासूचे वाक्य आले. गाडी अंत्ययात्रेला जमलेल्या लोकांपाशी अडकली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, आणि ते वाक्य पुन्हा वाजले. शेवटी कोणीतरी खिडकीतून हात घालून मशीनची वायर ओढली.

मी त्या दिवशी चंद्रपूरला वर्तमानपत्राच्या कार्यालयात कामावर होतो. हे सारे मला वहिनीने आणि शेजारच्या दोघांनी सांगितले. तिघांच्या सांगण्यात फरक एकच आहे. वहिनी म्हणते वाक्य दोनदा वाजले, शेजारी म्हणतात त्याहून जास्त.

वहिनी तेव्हा त्याच अंगणात होती, मयतीच्या घरच्या बायांजवळ बसलेली. आवाज ऐकून ती उठून उभी राहिली. बायांना वाटले, तिला भोवळ येते. तिने पदर तोंडाला लावला आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती त्या घरी माफी मागायला गेली. मी सकाळीच पोहोचलो होतो, सोबत गेलो. म्हाताऱ्यांचा मुलगा ओट्यावर बसला होता. त्याने तिला बसायला सांगितले, पाणी दिले. मग म्हणाला, "बाई, आमी बाबाले उचलून राह्यलो होतो अन् तुमचा माणूस सासूची मस्करी करून राह्यला होता."

"ते नव्हते ते."

"आवाज त्याचाच होता ना?"

वहिनी हो म्हणाली. तो पुढे म्हणाला की त्याला राग नाही, पण त्याच्या आईने ऐकले आहे. आई आतून म्हणाली, "तो तं असा नव्हता व." एवढेच. आम्ही परत आलो.

घरी आल्यावर वहिनीने मला एकच काम सांगितले. तिचे म्हणणे असे होते की तिचे दुःख ती पाहून घेईल, त्यासाठी वडशाला जायची गरज नाही. पण ज्या माणसाने जन्मभर मयताच्या दारावरून भोंगा नेला नाही, त्याच्या तोंडी हे आले. गावोगावी असेच होत असेल. लोक म्हणतील, तोही तसलाच होता. "भाऊजी, ते गेले. त्यांचं नाव तेवढं राहू द्या म्हणा."

निर्मात्याचे कार्यालय वडशाच्या मुख्य रस्त्यावर आहे. मी गेलो तेव्हा तो पोस्टरांचे गठ्ठे मोजून गाडीत टाकत होता. मला पाहून त्याने काम थांबवले. त्याने काही लपवले नाही. भावाच्या ध्वनिमुद्रणावरून रेकॉर्डिंगवाल्याने एआयवर आवाज तयार केला होता. आता कोणताही मजकूर टाइप केला की तो भावाच्या आवाजात बोलला जाई. भावाला हे माहीत होते का, असे मी विचारले. आवाज भरून ठेवायचा हे माहीत होते, तो म्हणाला, मेल्यावर नवीन बोलायला लावायचे हे कोणालाच माहीत नव्हते. घरच्यांना का विचारले नाही?

"मले वाटलं, तुमाले बरं वाटन. मले तं वाटे. गाडी निघाली का वाटे, तो हाय."

त्या सुमारास आमच्या कार्यालयात यंत्राने केलेल्या चित्रांबाबत नियम झाला होता. असे चित्र छापले तर खाली तसे लिहायचे, आणि त्यात काही चुकले तर उत्तर कोणी द्यायचे हे छापण्याआधी ठरवायचे. तेच मी निर्मात्यापुढे ठेवले. आवाज यंत्राचा आहे हे लोकांना सांगा, आणि गाडीत माणूस बसवा, जो गावात शिरताना विचारेल. त्याने दोन्ही मान्य केले. पहिले सोपे होते, ते लगेच झाले.

पण ती सूचनाही भावाच्याच आवाजात टाकली गेली. त्या आठवड्यापासून प्रत्येक घोषणेच्या सुरुवातीला भाऊ म्हणू लागला, "मंडळी, हा आवाज माझा नाही, यंत्राने तयार केलेला आहे." लोक हसले. त्याची मस्करीची सवय सगळ्यांना माहीत होती. तो मेल्याची बातमी ज्या गावांत पोहोचली नव्हती तिथे ही त्याची यंदाची नवी मस्करी ठरली. आरमोरीकडच्या एका गावात दोन म्हातारे तिकिटाच्या खिडकीशी आले आणि यंत्राला बाहेर बोलवा, चहा पाजतो, असे म्हणाले. खिडकीवरच्या माणसाने त्यांना खरे सांगितले. त्यांनी टोप्या काढल्या आणि नाटक न पाहता परत गेले. हे मला निर्मात्यानेच फोनवर सांगितले.

दुसरे काम झाले नाही. माणूस म्हणून ड्रायव्हरलाच सांगण्यात आले. तो काही दिवस विचारत होता. मग एका दिवशी अनेक गावे करायची असली की राहून जाऊ लागले. नागभीडकडून एका मयतीच्या घराची तक्रार आली.

तेव्हा वहिनी स्वतः वडशाला गेली. मी सोबत होतो. ती आयुष्यात पहिल्यांदा त्या कार्यालयात आली होती. भिंतीवर जुन्या नाटकांची पोस्टरे होती, एकावर कोपऱ्यात भावाचा लहान फोटो. निर्मात्याने तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. तिने विचारले, "यंत्राले मयत समजते काय?"

निर्माता नाही म्हणाला.

"मंग त्याले आमच्या माणसाचा आवाज नका देऊ."

निर्मात्याने रेकॉर्डिंगवाल्याला बोलावून घेतले. त्याने आमच्यासमोर गाडीत वाजणारा पेनड्राइव्ह रिकामा केला आणि आपल्या संगणकावरची फाइलही काढून टाकली. वहिनीला पडद्यावर काय झाले ते कळले नाही. तिने मला विचारले, गेला काय? मी हो म्हणालो. काढून टाकण्याआधी एकदा ऐकायचे का, असे रेकॉर्डिंगवाल्याने तिला विचारले होते. ती नको म्हणाली होती. बसस्टँडवर ती म्हणाली की ते गेले असे जलदानाच्या दिवशी वाटले नव्हते, ते आज वाटले.

निर्मात्याने उरलेला हंगाम साध्या आवाजावर काढला. स्वतःच गाडीत बसून बोलला. त्याला जमत नव्हते. पण पानठेल्यावर तो उतरून विचारत असे, असे मला त्या भागातल्या आमच्या वार्ताहराने सांगितले.

यंदाच्या थंडीत कामानिमित्त मी अहेरीला गेलो. आठवडी बाजाराचा दिवस होता. ब्लँकेट विकणाऱ्या एका हातगाडीवर लहान भोंगा लावलेला होता आणि त्यातून भाऊ बोलत होता. मंडळी, थंडी वाढली आहे, ब्लँकेट घ्या, एकावर एक मोफत. शेवटी सासूचे वाक्य होते, थोडे बदललेले: सासूला ब्लँकेट घ्या, बायको आपोआप खूश होते. यंत्राची सूचना नव्हती.

विक्रेता तेलंगणाच्या बाजूचा होता, तुटक मराठी आणि हिंदी बोलत होता. हा आवाज कोणाचा, त्याला ठाऊक नव्हते. एका ओळखीच्याने मोबाइलवर पाठवला होता, लिहून दिले की बोलतो. असे आणखी दोघांकडे आहे, तो म्हणाला, आणि बोट दाखवले. मी त्याला आवाज कोणाचा आहे ते सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले, सॉरी म्हणाला आणि भोंगा बंद केला. मी कपड्यांच्या ओळीपर्यंत गेलो तेव्हा तो पुन्हा सुरू झाला.

तिथूनच वडशाच्या रेकॉर्डिंगवाल्याला फोन केला. फाइल काढून टाकण्याआधी त्याने ती दोन मंडळांना नमुना म्हणून पाठवली होती. तिथून पुढे कुठे गेली, हे त्याला सांगता आले नाही.

बाजाराच्या तोंडाशी एक पानठेला आहे. मी ठेलेवाल्याला विचारले, आज इथे कोणी गेलं काय.

तो म्हणाला, नाई.