वाचनालयाच्या हॉलमधली मारामारी

मुक्ताचं नाव वर्गातून काढून टाकायचं ठरवूनच मी वाचनालयाच्या हॉलवर गेलो. तिथे दर रविवारी मुलांना फुकट जॅझ शिकवतात. आमच्या लेकीनं दहावीच्या वर्षात ड्रम बडवावेत, हे मला पटत नव्हतं. त्यावरून सकाळीच घरात एक ताट आपटलं गेलं होतं. आपटणारा मीच. ताट स्टीलचं, म्हणून वाचलं.

आत पाहतो तर तुंबळ मारामारी. समोरासमोर दोन ड्रमसेट. तिथे शिकवणारे फ्रान्सिस सर चार आवर्तनं तुटून पडायचे आणि थांबायचे, मग मुक्ता तुटून पडायची. दात आवळलेले, झांजेवर असे घाव की मी आपोआप गालावर हात ठेवला. तिची काठी मोडली, तुकडा माझ्या पायाशी पडला; तो मी उचलून खिशात टाकला. तिच्या अंगठ्यातून रक्त आलं.

"थांबू नकोस! तुझं पुरं कर!" सर ओरडले, आणि स्वतः मांडीवर हात ठेवून ऐकत राहिले.

भांडणात समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकायचं असतं, ही माहिती मला नवीनच होती. आमच्या घराण्यात ज्याचा आवाज मोठा त्याचीच पाळी, आणि ती संपत नाही.

संध्याकाळी ती दारातूनच कडाडली, "बाबा, तू माझं नाव काढायला आला होतास ना? एकदा तरी विचारलंस मला?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. मी मांडीवर हात ठेवले. ती बोलत राहिली, ओरडली, रडली आणि शेवटी धापा टाकत थांबली. माझी पाळी आली होती.

मी खिशातला काठीचा तुकडा टेबलावर ठेवला. "पुढच्या रविवारी," मी म्हणालो, "जास्तीची काठी ने."