भाऊंच्या युनिटमधला रिकाम्या जागांचा मान

शूटिंगला गेलेली माणसं परत येतात ती बॅगेत मळके कपडे आणि डोक्यात किस्से घेऊन. कपडे धुतले जातात, किस्से साचत राहतात. मी साउंड रेकॉर्डिस्ट, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचलेत. त्यातले निम्मे भाऊंचे.

भाऊ म्हणजे आमचे दिग्दर्शक. सिनेमे जगभर फिरले, पुरस्कारांनी कपाट भरलं, पण माणूस आचऱ्याच्या बाजूचा, आणि सेटवर बोलणार मालवणीच. समजलं नाही तर तुमचं तुम्ही बघा.

वेंगुर्ल्याच्या जेटीवर शूटिंग चाललं होतं. भर दुपार. भाऊंनी मॉनिटरमध्ये बघून टेक थांबवला. "नेहा, ती मागची बाई बाजूक कर गो."

नेहा आमची असिस्टंट, पुण्याची. "भाऊ, तिथे कुणीच नाही."

"विचारून तरी बघ."

बिचारी जेटीच्या टोकाला गेली आणि मोकळ्या हवेला म्हणाली, "काकू, जरा बाजूला होता का?" परत आली. भाऊ म्हणाले, "हां, आता बरा." पुढचा टेक ओके.

जेवताना तिला राहवलं नाही. "भाऊ, खरंच कुणी होतं का हो?"

भाऊ भातावर सोलकढी ओतत होते. "माका काय म्हायत? तू काकू म्हटलंस, म्हणजे तुका वयस्कर दिसली मा?"

नेहाने ताट तसंच बाजूला ठेवलं.

तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. माझी पाळी खारेपाटणला आली.

तिथे एका चाचांचं जुनं घर भाड्याने घेतलं होतं. चाचा एकटेच राहायचे. सीन संपला की मी त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतो, पुढे संवादांच्या खाली लावायला. तेवढा वेळ सगळ्यांनी पुतळा व्हायचं. त्या दिवशीही झाले. आणि माझ्या हेडफोनमध्ये पितळी डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग अडकित्त्याचा. मी डोळे वटारून सगळीकडे पाहिलं. कुणाचा हातही हलला नव्हता.

चाचा माझ्या तोंडाकडेच बघत होते. "पानाचा डबा वाजला काय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली.

"आमची बायको. कामाची माणसं आली, की तिला पान लावायची घाई." चाचा उठले आणि आम्हा सगळ्यांसाठी पानं आणायला बाजारात गेले.

भाऊंनी तो आवाज काढू दिला नाही. सिनेमात तो अजून आहे.

भाऊंची एक सवय युनिटमध्ये सगळ्यांना पाठ होती. पॅक-अप झालं, गाड्या भरल्या, की ते एकटे मागे राहायचे आणि रिकाम्या जागेला सांगायचे, "आये, येतंय हां गो." जंगल असो, हॉटेल असो की परदेशातलं विमानतळ. एकदा गाडीत मी विचारलंच, की ही हाक आईला का.

"मुंबैक पळालंय तेव्हा आवस रागान बसलेली. मागच्या दारान गेलंय, 'येतंय' म्हणून सांगूक नाय," भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पयल्या पिक्चरचा शूटिंग चालू होता, तेव्हा ती गेली. आता सगळ्यांका सांगतंय."



शेवटचा सिनेमा त्यांच्याच गावात. तिथे दर काही वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल झाला की अख्खं गाव, गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट, घरं बंद करून वेशीबाहेर राहायला जातं. मुदत संपेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. भाऊंना शेवटचं दृश्य त्या रिकाम्या गावाचं हवं होतं. डॉक्टरांनी हृदयाचं जे सांगितलं होतं, त्यावरून पुढची गावपळण त्यांना मिळणार नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"माणूस रवाचो नाय," मानकरी म्हणाले.

"आणि मशीन?" भाऊंनी विचारलं.

मानकऱ्यांनाही हा प्रश्न नवा. देवाला कौल लावला. पाषाणावर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली. परवानगी!

भाऊंच्या घरासमोरच्या खळ्यात कॅमेरा आणि माझा रेकॉर्डर लावून आम्ही निघालो. भाऊंनी बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, कडी घातली. "आये, येतंय हां गो."

वेशीबाहेर जत्रेसारखी मजा होती. राहुट्या, चुली, भजनं. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ बांगड्याचं तिखलं जेवले, चटईवर आडवे झाले, आणि उठलेच नाहीत. मी लहान पोरासारखा रडलो. गावात न्यायची सोय नव्हती, वेशीबाहेरच अग्नी दिला. त्यांचा चुलतभाऊ सारखा एकच म्हणत होता, "घर हाकेवर आसा, पण घराक नेवक गावला नाय रे."

गाव परत भरल्यावर आम्ही सामान काढलं. कॅमेरा पहिल्याच दिवशी बॅटरी संपून बंद पडलेला. रेकॉर्डर मोठ्या पॉवर बँकवर होता, तो शेवटपर्यंत चालला.

ती फाइल मी पहिल्यांदा ऐकली मुंबईच्या मिक्सिंग स्टुडिओत, शेजारी तिथली इंजिनिअर मुलगी. आधी नुसती माडांची सळसळ. मग, अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी, बेड्याची कडी वाजते. भाऊंचा आवाज येतो, "इलंय गो."

"इलंस?" एक बाई म्हणते. "पाय धुवन ये."

आणि तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज.

मुलीने फाइल थांबवली. "भाऊंचं डबिंग आधीच झालं होतं वाटतं, बरं झालं," ती म्हणाली. "पण त्या बाईंचं नाव टायटल्समध्ये राहिलंय सर. काय लिहू?"